तपासणाऱ्याची सही

परवा सकाळी मंगलनं दोरीवरची उशीची खोळ काढली, झटकली आणि म्हणाली, "पेटला बगा बॉयलर." पांढऱ्या खोळीवर काजळीचे बारीक कण होते. आमच्या पिंपळीत साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्याची बातमी अशी आधी वाळत घातलेल्या कपड्यांवर येते आणि मग पेपरात. चार दिवसांनी मळीचा आंबूस-गोड वास गावात मुक्कामाला येतो. पाहुण्यांना तो सोसत नाही, आणि आम्हाला तो आला नाही तर घरात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, आणि गतिरोधकावर प्रत्येक ट्रॉलीतून चार कांड्या खाली पडणार हे ठरलेलं.

मंगल खोळ पुन्हा भिजत घालते आणि कारखान्याच्या नावानं बोटं मोडते. माझी बायको गेली तीस-पस्तीस वर्षं न चुकता हे करते आहे. मी मात्र या दिवसांत उगाच खुशीत असतो. नुकताच निवृत्त झालोय, कारखान्याशी माझा संबंध आता दिवाळीच्या साखरेपुरता उरलाय. तरी हवेत तो वास आला की नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा एक हंगाम आठवतो. त्या हंगामात माझं एक मोठं नुकसान झालं, आणि त्या नुकसानीबद्दल मी आजही दोन माणसांचे मनोमन आभार मानतो. एक मंगल. दुसरे इंदापूरचे वाघमारे, ज्यांनी मला विमानाचे सर्किट बोर्ड करून दिले.

विमानाचे म्हणजे खऱ्या विमानाचे नव्हेत. उगाच गैरसमज नको.

त्या सुमारास बारामतीला नवी धावपट्टी झाली होती आणि तिथून शिकाऊ विमानं उडायची. दोन माणसांची, लहान, पांढरी विमानं. आमच्या उसावरून ती इतकी खालून जायची की फडातले कोयते क्षणभर थांबायचे आणि सगळी टोळी मान वर करून बघायची. मुकादम ओरडला की कोयते पुन्हा सुरू. मी तेव्हा कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, पॅनलवरचे दिवे आणि त्यांच्यामागचं तारांचं जंगल हे माझं खातं. पहिली पाळी करून दुपारी घरी आलो की गोठ्याशेजारच्या खोलीत शिरायचो. तिथं पूर्वी वडिलांच्या मेंढ्यांची पिल्लं बांधलेली असायची. मेंढरं गेली, वडीलही गेले, आणि मी त्या खोलीत विमान बांधायला घेतलं.

भंगारातली ट्रॅक्टरची सीट, प्लायवूडची फळी आणि एका कॉम्प्युटर क्लासनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर, एवढं माझं विमान. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ होता. पण त्यात चाकं खाली सोडायची तर कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं, पंखांच्या पट्ट्या खाली करायच्या तर दुसरं. बटणं दाबून विमान उडवणं मला पटेना. टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. मला हातात येणारी दांडी हवी होती, खट्ट वाजणारे स्विच हवे होते, आणि मुख्य म्हणजे दिवे हवे होते. विमानाची चाकं पोटातून बाहेर येत असतात तोवर एक लाल दिवा लागतो आणि तिन्ही चाकं जागेवर घट्ट बसली की तीन हिरवे. ते तीन हिरवे दिसल्याशिवाय वैमानिक उतरत नाही. हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आई दारात उभी राहून म्हणायची, "ह्यो इमानाचा गोठा झाला रं दत्ता." मग आत डोकावून विचारायची, "उडंल का?"

"न्हाय उडायचं, आई."

"मग बरं हाय," म्हणायची आणि निघून जायची.

आता जे सांगायचं ते मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. लोकांना वाटतं, अशा माणसाला सगळं काळंपांढरं दिसतं. तसं नाही. आभाळ निळं दिसतं, हळद पिवळी दिसते. फक्त लाल आणि हिरवा हे दोघे माझ्याकडे येताना एकाच मातकट रंगाचा सदरा घालून येतात. बाजारात टोमॅटोच्या ढिगापुढं मी उभा राहिलो तर पिकलेला कुठला आणि कच्चा कुठला हे मला हाताला कळतं, डोळ्यांना नाही. मला उसाचे तुरे मनापासून आवडतात त्याचं कारणही हेच असणार. डिसेंबरात सगळा फड चंदेरी तुऱ्यांनी डोलतो तेव्हा जे सगळ्यांना दिसतं तेच मलाही दिसतं, काही कमी नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी विमानदलाच्या भरतीला पुण्याला गेलो होतो. धावलो, उड्या मारल्या, छाती मोजली, सगळं झालं. मग एका टेबलावर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून साहेबानं विचारलं, "आकडा कुठला?" मला नुसते ठिपके दिसत होते. मागच्या पोरानं माझ्या खांद्यावरून बघत खात्रीनं "चौऱ्याहत्तर" म्हटलं, आणि माझ्या कागदावर फुली बसली. घरी येऊन मी सांगितलं की छाती अर्धा इंच कमी भरली. आईनं पुढचं वर्षभर मला खारका घालून दूध पाजलं. ते दूध मी रोज निमूट प्यायलो. एवढं खोटं पचवायला छाती चांगलीच भरलेली लागते, पण ते आईला कोण सांगणार?

नंतर आयटीआय केलं, कारखान्यात लागलो. तिथल्या तपासणीत अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. रंगांचं कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. दहा वर्षं मी युक्त्यांवर काढली. पॅनलवरचा कुठला दिवा कशाचा हे मी जागेवरून पाठ केलं होतं. तारांच्या रंगांवर कधी भरवसा ठेवला नाही. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी डकवायचो. रेझिस्टरची किंमत त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायची असते, मी प्रत्येक नग मीटर लावून मोजायचो. गंमत अशी की यामुळेच माझं नाव झालं. "रूपनवरचं काम कसं नंबरी, बघा," असं चीफ इंजिनिअर साहेब इतरांना सांगायचे. त्या हंगामानंतर बॉयलरला नवा पॅनल बसणार होता, काटे कमी आणि दिवे जास्त असलेला, आणि त्यावर प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. मला ती जागा हवी होती. सगळ्या तालुक्याला मिळून हवी असेल तेवढी मला एकट्याला हवी होती. आणि माझी भीतीही तेवढीच मोठी होती, कारण नव्या पॅनलची मांडणी मला पाठ नव्हती.

वाघमाऱ्यांची माहिती कारखान्यातल्याच एका वायरमननं दिली. ते पुण्यात बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीनं तो विभाग बंद केला तसे इंदापूरला परतले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेतीपंपांच्या स्टार्टरसाठी बोर्ड करायला लागले. वडील शाळेत मास्तर होते, त्यामुळं हे स्वतःही प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी समजावून सांगायचे. तांबं खाणाऱ्या रसायनानं बोटं कायमची डागाळलेली. मी गेलो की ते "जय भीम" म्हणायचे, मी "राम राम" म्हणायचो, आणि मग आम्ही दोघं तासभर फक्त तांब्याच्या रेघांबद्दल बोलायचो.

माझं काम त्यांना भलतंच आवडलं. "आजपातुर पंपाचं बोर्ड केलं," ते म्हणाले, "इमानाचं कुणी आणलं न्हवतं." त्यांची पद्धत ठरलेली होती. ते इंची ग्राफपेपर द्यायचे, कारण आयसीचे, म्हणजे चिपचे पाय एकमेकांपासून इंचाच्या दहाव्या भागावर असतात आणि मग प्रत्येक पाय बरोबर एका चौकटीवर बसतो. माझ्या पॅनलमागं जागा कमी, म्हणून बोर्डाच्या दोन्ही बाजूंना तांबं ठेवायचं होतं. वरच्या बाजूच्या रेघा लाल पेन्सिलनं काढायच्या, खालच्या बाजूच्या हिरव्या. ते त्यावरून प्रत्येक बाजूची फिल्म काळ्या शाईनं गिरवणार. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक शिक्का मारला. त्यात दोन चौकोन होते: "काढणार" आणि "तपासणार".

लाल आणि हिरवी, नेमके तेच दोन रंग. पण मी तरबेज होतो. दुकानदाराकडून "ही लाल, ही हिरवी" असं वदवून घेतलं आणि घरी आल्यावर हिरवी मधोमध मोडून तिचं अर्धुक ठेवलं. लांब ती लाल, आखूड ती हिरवी. दोन दुपारी बसून मी तो कागद पुरा केला. पहिल्या दिवशी दिव्यांचा भाग, दुसऱ्या दिवशी स्विचांचा. आयुष्यात मी इतकं सुंदर काही काढलं नव्हतं. रेघा पाटाच्या पाण्यासारख्या वळत होत्या, कुठंही एकमेकींवरून जात नव्हत्या. निदान मला तसं दिसत होतं. दोन्ही चौकोनांत मीच सही केली आणि बारामती-इंदापूर एसटीनं जाऊन कागद देऊन आलो. वाघमाऱ्यांनी दोन सारख्या सह्या बघून नाक मुरडलं. "पयल्यांदा हाय म्हनून चालवून घेतो," म्हणाले.

पंधरा दिवसांनी इंदापूरला जाऊन बोर्ड घेतले. परतताना निमगाव केतकीच्या पानमळ्यांवर उतरतं ऊन होतं, आणि मी एसटीत मांडीवरचं वर्तमानपत्राचं पुडकं तीनदा उघडून पाहिलं. गुळगुळीत, मऊ चमकणारं तांबं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय रं, देवाचा टाक हाय व्हय?" मी हसून व्हय म्हणालो. त्या क्षणी ते खोटं नव्हतं.

घरी येऊन सगळं जोडलं. एरवी मी तार न् तार मीटरनं तपासल्याशिवाय वीज सोडत नाही. पण हौशीला डोळे नसतात. बटण दाबलं, ट्रान्सफॉर्मर घुमला, कसलासा जळका वास आला आणि फ्यूज उडाला. मीटर लावून पाहतो तर रेघा एकमेकींना चिकटलेल्या, एकदोन नव्हे, सतरा ठिकाणी.

मी संतापलो. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे गावाला माहीत आहे. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला पहिल्या गाडीनं इंदापूर गाठलं आणि शेडच्या दारातूनच सुरू झालो, की पंपाच्या बोर्डांवर हात बसलाय, बारीक काम जमत नव्हतं तर घ्यायचं कशाला, दोन्ही बाजूंच्या फिल्म उलट्यापालट्या केल्या वाटतं.

वाघमाऱ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. हात पुसले, फळीवरून माझा कागद काढला, खिडकीतल्या उजेडात टेबलावर पसरला आणि शेजारी बोर्ड ठेवला.

"बगा, रूपनवर. दिव्यांच्या भागात वरच्या बाजूच्या रेघा लाल हायती. बराबर?"

"बराबर."

"आन् हितनं पुढं, स्विचांच्या भागात, वरच्या बाजूच्या सगळ्या हिरव्या, आन् खालच्या लाल. उलटं. म्हनून दोनी भागांच्या रेघा एकाच बाजूला येऊन एकमेकींवरनं गेल्यात. दिसतंय न्हवं?"

मी कागदाकडं पाहत राहिलो. त्यांच्या डागाळलेल्या बोटाच्या अलीकडं आणि पलीकडं मला एकाच रंगाच्या रेघा दिसत होत्या. मी "हां" म्हणालो. मग त्यांनी बोट दुसरीकडं ठेवलं आणि सहज विचारलं, "ही कंची?"

"लाल," मी ठोकून दिलं.

वाघमाऱ्यांनी कागदावरचं बोट उचललं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचे बैल पाण्याच्या हौदाशी थांबले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. ते उठले, शेडचं दार पुढं लोटलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमाला दोनी सारखंच दिसतंय का?"

तेरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मान हलवली. लाज वाटली, आणि त्याच वेळी पायातला काटा निघाल्यासारखं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

वाघमाऱ्यांनी उपदेश केला नाही, कीवही केली नाही. त्याबद्दल मी त्यांना कायम मानतो. ते म्हणाले, "चूक माझीबी हाय. रेघंवरनं रेघ जाते ती मला दिसत हुती. पन गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमदी मी हात घालत न्हाय, म्हनलं ह्येंचं काय तरी डोकं असंल. बोर्ड परत करून देतो. पन आता एकट्याच्या सहीवर कागद घेनार न्हाय. काढनार तुमी. तपासनार दुसरं कोन तरी. घरातलं."

"घरात कुणाला ठाऊक न्हाय," मी म्हणालो.

"मग ठाऊक करा," वाघमारे म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेले.

पिंपळीपर्यंतच्या त्या परतीच्या प्रवासातलं मला काहीही आठवत नाही. एरवी त्या रस्त्यावरची झाडंसुद्धा मी ओळखतो.

मंगल अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. आई उन्हाला पाठ करून बसलेली. मी वहाणा न काढताच सांगून टाकलं. मंगलला आधी समजेना. मग तिनं सुपातली एक डहाळी उचलली, दारावरच्या झेंडूच्या माळेकडं बोट केलं, एक ना अनेक गोष्टी दाखवून विचारल्या. शेवटी स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाशी येऊन थांबली.

"ह्ये?"

"हाय ते कळतं. कसलं ते कळत न्हाय."

"आन् पयल्या दिवाळीला साडी आनली हुती ती? तुमी निवडली म्हनून साऱ्या आळीला दावत फिरले मी."

"दुकानदारानं निवडली."

मला वाटलं ती हसेल. ती सूप घेऊन आत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला डोळ्यांचं काही वाटलं नव्हतं. आठ वर्षं एका ताटात जेवून मी लपवलं, याचा तिला राग होता, आणि तो रास्त होता. आईनं मात्र तेव्हाच, जागची न हलता म्हटलं, "माझ्या बाचंबी आसंच हुतं. पिकल्यालं बोर त्याला दिसत न्हवतं, दाबून बगायचा. मेंढरं मातुर घुंगरावरनं वळखायचा." मग जरा वेळानं, "म्हंजी छाती भरली हुती तर!" माझ्या आईच्या आवाजात खारकांचा हिशेब नव्हता, उलट अभिमानच होता.

तिसऱ्या दिवशी मंगल स्वतः खोलीत आली. पेन्सिली बघून ती एकदम म्हणाली, "ह्या मीच तासल्या हुत्या. दुसऱ्या दिशी सकाळी, तुमी कामावर गेल्यावर. म्हनलं तेवडीच मदत. ती लाल सारखी मोडत हुती, तासून तासून आखूड झाली." मी कपाळाला हात लावला. मला आखूड ती हिरवी एवढंच ठाऊक, आणि पहिल्या नि दुसऱ्या दुपारच्या मधे माझ्या बायकोनं प्रेमानं लालच आखूड करून ठेवली होती. मग मात्र आम्ही दोघं पोट दुखेस्तोवर हसलो.

हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, "आन् कारखान्यात?"

मी पेन्सिली गोळा करायला लागलो.

"नवा प्यानल दिव्यांचा हाय म्हनता. लाल लागला आन् तुमाला हिरवा वाटला तर? तितं बॉयलरखाली मानसं हायती." ती कागदावरच्या रिकाम्या चौकोनाकडं बघत होती. "ह्यावर मी सही करते. पन आदी तुमी तिकडं सांगायचं."

आज लोक म्हणतात, आपल्या माणसानं आपल्याला समजून घ्यावं. माझा अनुभव असा, की नुसतं समजून घेण्यानं माणूस सुधारत नाही. मंगलनं मला समजून घेतलं, आणि वर अट घातली. त्या अटीवाचून मी नव्या पॅनलचीही मांडणी पाठ करून टाकली असती, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी दोन दिव्यांची जागा बदलली असती. हा विचार आजही मनात आला की मी उठून पाणी पितो.

मी चीफ साहेबांना सांगितलं. ऑफिसच्या काचेतून ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडताना दिसत होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "दहा वर्षांत तुझी एक जोडणी चुकली नाही. कशी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, मी रंगावर कधी भरवसाच ठेवला नाही." त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "नव्या पॅनलवर तुला ठेवता येणार नाही." आणि नाही ठेवलं. माझी बदली काटे दुरुस्तीच्या बाकावर झाली. तिथं एकामागून एक दाबाचे काटे उघडायचे, साफ करायचे, बरोबर करायचे. काम चांगलं होतं. पण प्रमुखाची जागा गेली ती गेली. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणालो तर ते पुन्हा छातीच्या मापासारखं होईल. नंबराच्या चिठ्ठ्या मात्र नव्या पॅनलच्या प्रत्येक तारेला लागल्या, आणि प्रत्येक दिव्याखाली त्याचं नाव मराठीत रंगवलं गेलं. ते काम साहेबांनी माझ्याकडूनच करून घेतलं.

दुसरा कागद आम्ही दोघांनी मिळून काढला. मी हात पुढं केला की मंगल "लाल" म्हणून एक पेन्सिल ठेवायची, थोड्या वेळानं "हिरवी" म्हणून दुसरी. मला विचारायची वेळच तिनं येऊ दिली नाही. "काढणार"मध्ये मी सही केली, आणि तिनं "तपासणार"च्या चौकोनात, शाळा सोडल्यापासून फारशी न गिरवलेल्या अक्षरांत, जपून आपलं नाव लिहिलं. तो कागद बघून वाघमारे खूश झाले. या वेळी त्यांनी एक आगाऊपणा केला. बोर्ड आले तेव्हा वरच्या कोपऱ्यात, तांब्यात, मंगलची सही होती. ज्याच्या त्याच्या हातात तो बोर्ड देऊन तिनं पुढचा आठवडा घालवला.

आता माझा पुतण्या कॉम्प्युटरवर बोर्ड काढतो. रेघ रेघेवरून गेली तर मशीनच ओरडतं. मग तो एक बटण दाबतो आणि आठवड्याभरात कुठल्या कुठल्या देशातून बोर्ड घरी येतात, सुबक, कोपरे गोल केलेले. मला कौतुक वाटतं. वाघमारेही म्हणतात, आपल्या वेळी हे असतं तर आपणही हेच केलं असतं. ते अजून इंदापुरातच आहेत, शेड मोठी झाली आहे, आणि दरवर्षी पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आम्ही एकमेकांकडं जेवायला जातो. मी पुतण्याला एकदा विचारलं, "ह्यात तपासणाऱ्याची सही कुठं असते?" तो म्हणाला, "गरज न्हाय, काका." असेलही. मला होती.

त्या हंगामातला एक रविवार अजून सांगायचा राहिलाय. पॅनल पुरा होऊन आठ दिवस झाले होते. माझी बदली का झाली हे कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. काहीजण हसले होते, काहींचं मला टोमॅटो दाखवून झालं होतं. दुपारी ज्ञानूतात्या आले. बॉयलरवरचे सगळ्यात जुने माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचे. आयुष्यभर त्यांनी काचेच्या नळीतलं पाणी बघून बॉयलर सांभाळला. पाण्याची पातळी बघायला रंग लागत नाही. कधी कुणाच्या घरी न जाणारे तात्या त्या दिवशी "इमान बगायला आलो" म्हणाले. ट्रॅक्टरच्या सीटवर टोपी सावरून बसले. मी सांगितलं तशी दांडी खाली ओढली. एक दिवा लागला, तीन सेकंदांनी विझला आणि खालचे तीन लागले.

तात्या त्या दिव्यांकडं खूप वेळ बघत राहिले. मंगल चहा घेऊन दारात उभी होती, मागं आई. तात्यांनी दांडी पुन्हा वर केली, पुन्हा खाली ओढली. मग मान न वळवता, पण चांगल्या मोठ्यानं, त्यांनी विचारलं, "सूनबाई, ह्यातला हिरवा कंचा गं?"

मंगलनं चहा खाली ठेवला, पुढं झाली आणि बोटानं दाखवलं. "ह्ये तीन हिरवं, तात्या. आन् वरचा एकटा लाल."

"चाळीस वरसं लपवलं," तात्या म्हणाले. "उद्या साहेबाला सांगतो. नव्या प्यानलवर मी नको." मग माझ्याकडं वळून, "तू इचारलंस का रं कवा हिला?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग इचार की. लाजतुस कशाला?"

बोर्ड मी काढलेला होता, दिवे मी बसवलेले होते, कुठला कुठं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तरी तात्यांच्या मागं उभं राहून, आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, मी माझ्या बायकोला विचारलं, "मंगल, ह्यातला हिरवा कुठला?"